गर्वाचे घर आणि ग्रीक शोकात्मिका

१

ग्रीक नाटकांतील थोर पुरुषांच्या अधःपाताचा विषय निघाला म्हणजे मराठी वाचकाच्या तोंडी बहुधा दोन वचने येतात. एक, ‘गर्वाचे घर खाली’. दुसरे, ‘दैवापुढे कोणाचे काय चालते?’ पहिल्या वचनाने पतनाचा सारा दोष नायकाच्या स्वभावावर पडतो. दुसऱ्याने तो त्याच्यावरून सर्वस्वी उतरतो. ही दोन वचने एकाच माणसाला एकाच वेळी लावणे तर्काला धरून नाही. तरीही ती जोडीने वावरताना दिसतात, आणि त्यांच्या या जोडीमुळे ग्रीक नाटकाविषयी आपला मोठा गैरसमज झालेला आहे. पतन ही गर्वाची शिक्षा मानली, तर पाहणाऱ्याला समाधान वाटेल. ते निव्वळ दैवाचे कृत्य मानले, तर तो हळहळून उठून जाईल. परंतु अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेचा परिणाम म्हणून ज्या करुणेचा व भयाचा निर्देश केला, त्यांना या दोहोंपैकी कोठेही जागा उरत नाही.

प्रस्तुत लेखात गर्व, दैव आणि प्रमाद या तीन कल्पनांचा ग्रीकांना अभिप्रेत असलेला अर्थ प्रथम सांगावयाचा आहे. त्यानंतर त्या कल्पना आपल्या परिचयाच्या दोन कथांना लावून पाहावयाच्या आहेत. त्यांपैकी एक कथा आळंदीची आहे आणि दुसरी पानिपतची.

एका पारिभाषिक शब्दाचा खुलासा आरंभीच केलेला बरा. या नाट्यप्रकारास मराठीत ‘शोकांतिका’ हा शब्द रूढ आहे. परंतु त्यात नाटकाचा शेवट शोकात झालाच पाहिजे, असे गृहीत धरले जाते. एस्किलसच्या ‘ओरेस्टेइआ’ या नाट्यत्रयीचा शेवट एका न्यायसभेत आणि समेटात होतो. सोफोक्लीजचा ‘फिलोक्टेटिस’ही सुखाच्या मार्गाला लागतो. तरीही ग्रीकांच्या लेखी ही नाटके याच वर्गातली होत. यास्तव ज्यांनी ‘शोकात्मिका’ हा शब्द पसंत केला, त्यांचा पक्ष अधिक बळकट आहे. शोक हा या नाटकाचा आत्मा होय. तो त्याच्या अखेरीस असतोच असे नाही.

२

ज्या शब्दाचे भाषांतर आपण ‘गर्व’ असे करतो, तो ग्रीक शब्द ‘हुब्रिस’ होय. मनात बाळगलेला अहंकार एवढाच त्याचा अर्थ नव्हता. अथेन्सच्या कायद्यात हुब्रिस हा एक गुन्हा होता. दुसऱ्याची मानहानी होईल असे वर्तन, आणि तेही केवळ त्याला हीन लेखण्याच्या आनंदासाठी केलेले, असा त्याचा आशय अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात दिला आहे. या गुन्ह्याबद्दल कोणाही नागरिकास फिर्याद करता येत असे, आणि ज्याची विटंबना झाली तो गुलाम असला तरी फिर्याद चालत असे. इ. स. पू. ३४८ मध्ये डायोनिससच्या उत्सवात, भर नाट्यगृहात, मेडिअस नावाच्या श्रीमंत गृहस्थाने वक्ता डिमॉस्थेनिस याच्या तोंडावर ठोसा मारला. त्यावर डिमॉस्थेनिसने रचलेल्या भाषणात ‘हुब्रिस’ हा शब्द वारंवार येतो. तात्पर्य, हुब्रिस ही मनाची नुसती वृत्ती नसून मर्यादेचे उल्लंघन करणारी कृती होती, आणि तिला बळी पडणारा कोणी तरी असावाच लागे.

या अर्थाने हुब्रिसचे नाटक पाहावयाचे असेल, तर एस्किलसचे ‘पर्शियन’ पाहावे. ते इ. स. पू. ४७२ मध्ये अथेन्स येथे झाले. त्याच्या आठच वर्षे आधी, इ. स. पू. ४८० मध्ये, सालामिसच्या समुद्रात ग्रीकांनी इराणचा बादशहा झर्क्सिस याच्या आरमाराचा विध्वंस केला होता. झर्क्सिसने आशिया आणि युरोप यांच्यामधील सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधून वाहत्या पाण्याला जणू जोखड घातले; त्याच्या सैन्याने ग्रीकांची देवळे जाळली. त्याचा मृत पिता दरायस नाटकात थडग्यातून प्रकट होतो आणि या मर्यादाभंगाचा निर्देश करून पुढचा अनर्थ सांगतो. कृतीपासून बुद्धिभ्रंश आणि बुद्धिभ्रंशापासून नाश, ही मालिका येथे स्पष्ट आहे. या बुद्धिभ्रंशाला ग्रीक ‘आते’ म्हणत, आणि त्यानंतर येणाऱ्या दैवी प्रतिशोधाला ‘नेमेसिस’.

तथापि या नाटकातही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते जिंकलेल्या अथेन्सच्या प्रेक्षकांपुढे झाले. एस्किलस स्वतः इ. स. पू. ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईत इराणी सैन्याविरुद्ध लढला होता. असे असूनही नाटकाची जागा शत्रूची राजधानी सुसा ही आहे, आणि त्यात शोक करणारी माणसे इराणी आहेत. फाटक्या वस्त्रांनिशी परत आलेल्या झर्क्सिसला कवी हास्यास्पद करीत नाही. शत्रूचा गर्व उतरला, या आनंदापाशी न थांबता कवीने आपल्या प्रेक्षकांना शत्रूच्या मातेबरोबर बसविले. हुब्रिसचे इतके उघड उदाहरण असलेल्या नाटकातही शिक्षा हे अंतिम प्रयोजन नाही.

३

आता सोफोक्लीजचा ‘राजा इडिपस’ घेऊ. कारण गर्व आणि दैव ही दोन्ही वचने सर्वांत अधिक याच नाटकाला चिकटविली जातात. कथा सुपरिचित आहे. आपण पित्याचा वध करू आणि मातेशी विवाह करू, असे भविष्य डेल्फीच्या देवस्थानी ऐकल्यावर इडिपस ज्यांना आईबाप समजत होता, त्यांचे कोरिंथ नगर सोडून निघाला. जेथे तीन वाटा मिळतात तेथे त्याने एका अनोळखी वृद्धाला रागाच्या भरात ठार केले. थीब्झला येऊन स्फिंक्सचे कोडे सोडविले आणि विधवा राणीशी लग्न केले. तो वृद्ध त्याचा बाप होता, ती राणी त्याची आई.

यांत गर्व कोठे आहे? तो टिरेसिअसवर संतापतो, क्रेऑनवर कटाचा आळ घेतो, स्वतःच्या बुद्धीचा त्याला अभिमान आहे, हे खरे. वृंदाच्या एका गीतात हुब्रिसमधून जुलमी राजा जन्मतो असा विचारही येतो, आणि त्यावरून पुष्कळांनी इडिपसच्या पतनाचे कारण गर्व हेच ठरविले. परंतु कालक्रम पाहावा. पितृवध आणि मातृविवाह या गोष्टी नाटक सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी घडून गेल्या आहेत. टिरेसिअसशी तो नम्रतेने बोलला असता, तरी त्यांतली एकही न घडलेली झाली नसती. त्याने गुन्हे टाळण्यासाठी कोरिंथ सोडले, आणि देवाच्या वाणीपासून दूर पळण्याचा हाच मार्ग त्याला तिच्याकडे घेऊन गेला. उत्तरायुष्यावरील ‘कोलोनस येथील इडिपस’ या नाटकात तो स्वतः आपला बचाव याच मुद्द्यावर करतो: जे केले ते अजाणता केले.

मग हे केवळ दैवाचे नाटक ठरते काय? तसेही नाही. मराठी वाचकाच्या मनात ‘दैव’ म्हटले की ‘प्रारब्ध’ उभे राहते, आणि येथेच घोटाळा होतो. प्रारब्ध हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ होय. त्याला एक हिशेब आहे. आजचे दुःख अन्यायाचे दिसले, तरी मागच्या कोठल्या तरी पानावर त्याची जमा लिहिलेली असते. ग्रीक ‘मोइरा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वाटा’. वाटणीत हा तुकडा तुझ्या ताटात आला, एवढेच तो शब्द सांगतो. का आला, हे सांगत नाही. घराण्याला लागलेला शाप पिढ्यान्‌पिढ्या चालतो, हे ग्रीक मानीत. परंतु तो शाप भोगणाऱ्याच्या स्वतःच्या पूर्वकर्माचा नसतो. त्यामुळे ग्रीक नायकाच्या दुःखाला प्रारब्धाचा दिलासा मिळत नाही.

शिवाय देववाणीने इडिपसच्या हातून काय होणार हे सांगितले होते. तो त्याचा शोध घेईल, हे सांगितले नव्हते. रंगभूमीवर आपल्यासमोर जे घडते ते सर्व त्याच्या इच्छेने घडते. नगरावर रोगाची साथ आली आहे. लायसच्या खुन्याला शोधून काढण्याची प्रतिज्ञा तो करतो. साक्षीदारांना एकामागून एक बोलावतो. सत्य कळून चुकलेली योकास्टा त्याला थांबण्याची विनवणी करते, धनगर बोलण्याचे टाळतो, आणि तो थांबत नाही. प्रजेचा कळवळा, तीक्ष्ण बुद्धी आणि अर्धवट सत्यावर समाधान न मानण्याची वृत्ती हे त्याचे तीन गुण. याच गुणांनी तो राजा झाला आणि याच गुणांनी त्याचा नाश झाला. दुर्गुणाने बुडालेल्या माणसाकडे पाहून आपण सावध होतो. सद्‌गुणाने बुडालेल्या माणसाकडे पाहून मात्र भय वाटते, कारण तेथे सावध होण्याचा उपाय दिसत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या ‘काव्यशास्त्रा’त याच ठिकाणी ‘हामार्तिआ’ हा शब्द योजिला. बाणाचा नेम चुकणे, हा त्याच्या धातूचा अर्थ. नायक फार पुण्यवान नसावा, दुष्टही नसावा; त्याचे पतन दुष्टपणामुळे न होता एखाद्या मोठ्या प्रमादामुळे व्हावे, असे तो म्हणतो. या विवेचनात त्याने ‘हुब्रिस’ हा शब्द पतनाचे कारण म्हणून घातलेला नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. हामार्तिआचे भाषांतर ‘स्वभावदोष’ असे करून त्या दोषाचे नाव गर्व ठेवण्याची पद्धत नंतरच्या काळातली आहे.

४

ग्रीक नाटकातील ज्या पात्राला गर्वाची म्हण काही अंशी तरी लागू पडते, ते इडिपस नसून ‘अँटिगनी’मधील क्रेऑन होय. राजाज्ञेच्या अभिमानाने तो पॉलिनायसीजच्या प्रेताला मूठमाती मिळू देत नाही, आणि भावाला मूठमाती देणाऱ्या अँटिगनीला जिवंतपणी गुहेत कोंडतो. परंतु त्याचाही गर्व अखेरपर्यंत टिकत नाही. टिरेसिअसच्या वाणीने तो हादरतो आणि आपला हुकूम मागे घेतो. वृंद त्याला सांगतो की आधी मुलीची सुटका कर आणि मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन आधी प्रेताचा संस्कार करतो आणि नंतर गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. तिच्यापाठोपाठ त्याचा मुलगा आणि राणीही प्राण देतात. क्रेऑनला ज्ञान झाले. ते थोडे उशिरा झाले. अज्ञानातून ज्ञानाकडे जाण्याच्या या क्षणाला अ‍ॅरिस्टॉटलने ‘अनाग्नोरिसिस’ असे नाव दिले आहे. आपण त्यास ‘प्रत्यभिज्ञा’ म्हणू.

प्रत्यभिज्ञा वेळेवर झाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. पुण्याहून आळंदीला जाणाऱ्या रस्त्यावर दिघी हे गाव आहे. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते, आणि त्याच्या आसपास लष्कराच्या संस्था व नव्या वसाहती उभ्या आहेत. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून पुण्याकडे येते ती याच गावावरून. दिघीतून आळंदीला जाणाऱ्या माणसाला तेथे एक भिंत दाखविली जाते. चौदाशे वर्षे योगबळाने जगलेला चांगदेव वाघावर बसून, हातात सर्पाचा चाबूक घेऊन भेटीस आला. तेव्हा ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच त्याच्या स्वागतास चालत गेली, अशी ही कथा आहे. भिंत कशी चालली, या प्रश्नाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. कथेची रचना काय आहे, ते पाहावयाचे आहे.

गर्वाची सारी सामग्री या कथेत सिद्ध आहे: असामान्य सामर्थ्य, त्याचे प्रदर्शन, वयाने लहान असलेल्यांना जिंकण्याची इच्छा. ग्रीक कवीच्या हाती ही कथा पडली असती, तर त्या वाघानेच चांगदेवाचा घास घेतला असता. येथे तसे होत नाही. चांगदेव वाघावरून खाली उतरतो, आणि पुढे परंपरेने मुक्ताबाईला त्याची गुरू मानले आहे. भेटीपूर्वी त्याने पाठविलेल्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली, असे सांगतात. त्या पासष्ट ओव्यांत गर्वाबद्दल निर्भर्त्सना नाही. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्या अद्वैताचे निरूपण आहे. म्हणजे ‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण या कथेलाही पुरतेपणी लागू पडत नाही. येथे घर कोसळत नाही. घरात राहणारा आपण होऊन बाहेर येतो.

क्रेऑन आणि चांगदेव यांच्यांत अंतर आहे ते काळाचे. दोघांनाही आपली चूक उमगली. एकाला ती दुरुस्त करण्याइतका वेळ मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. चौदाशे वर्षांच्या आयुष्याची जी अतिशयोक्ती या कथेत आहे, तिचा एक अर्थ असाही लावता येईल की अहंकार सोडण्याला माणसाला फार वेळ लागतो, आणि भक्तिपरंपरा तो वेळ त्याला देऊ करते. शोकात्मिका तो देत नाही. वारकरी वाङ्मयात पतिताच्या उद्धाराच्या कथा विपुल आहेत आणि शोकात्मिका नाहीत, याचे कारण दुःखाची जाणीव कमी असणे हे नव्हे. परतीची वाट नेहमी खुली आहे, ही श्रद्धा त्याचे कारण आहे.

५

परंतु इतिहासाला ही श्रद्धा मान्य नसते. महाराष्ट्राच्या इतिहासात गर्व, दैव आणि पतन या तिन्ही शब्दांचा सर्वांत अधिक वापर झाला तो १४ जानेवारी १७६१ या दिवसाविषयी.

सदाशिवरावभाऊंची कथा पारंपरिक स्वरूपात अशी सांगितली जाते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे निजामावर विजय मिळाला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवरचा भाऊंचा विश्वास दृढ झाला. उत्तरेत सुरजमल जाटाने सल्ला दिला की बायकामुले व जड सामान मागे ठेवावे आणि गनिमी काव्याने लढावे. मल्हारराव होळकरांचाही कल तिकडेच होता. भाऊंनी तो सल्ला झिडकारला; दिल्लीत दिवाण-इ-खासचे रुपेरी छत काढविले; जाट निघून गेला; आणि गर्वाचे फळ पानिपतावर मिळाले. ‘भाऊसाहेबांची बखर’ हे मराठी गद्याचे एक तेजस्वी लेणे आहे, आणि तिच्या निवेदनात गर्वाची व होणाराची अशी दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांशेजारी नांदतात. आरंभी ज्या दोन वचनांचा उल्लेख केला, त्यांचे मराठीतील हे ठळक उदाहरण होय.

या आरोपाची फेरतपासणी त्र्यं. शं. शेजवलकर यांनी केली. त्यांचा पानिपतावरील ग्रंथ इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली प्रसिद्ध झाला. एकदा गर्वाचा पडदा दूर केला की त्यामागे पुष्कळ गोष्टी दिसू लागतात. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले, तेव्हाच उत्तरेतील डाव बिघडला होता. ज्या छताबद्दल भाऊंना दोष दिला जातो, ते वितळवून सैन्याचा पगार भागवावा लागला. म्हणजे ते कृत्य उन्मादाचे नसून दारिद्र्याचे होते. पावसाळ्यात यमुना दुथडी भरून वाहत होती. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी उत्तरेकडे जाऊन कुंजपुरा जिंकला, तेथील धान्य व खजिना मिळविला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये आला. विजय मिळविताना पाठ उघडी पडली. हाच अ‍ॅरिस्टॉटलचा ‘हामार्तिआ’: नेम धरला होता, बाण सुटला होता, परंतु लक्ष्य सरकले होते. त्यानंतर अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर बसली आणि मराठ्यांच्या छावणीत उपासमार सुरू झाली.

युद्धाच्या दिवशीची एक हकीकत परंपरेने जपली आहे. विश्वासरावांना गोळी लागल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून गर्दीत शिरले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. ही हकीकत प्रमाण मानली, तर त्या दिवसाच्या निर्णायक कृतीचे मूळ पुतण्यावरील प्रेमात सापडते. ‘गर्वाचे घर खाली’ हे वचन येथे उच्चारून पाहावे. ते किती अपुरे आणि किती निष्ठुर आहे, हे तत्काळ प्रत्ययास येईल. शिवाय या वचनाने दुसरेही एक नुकसान होते. सारा दोष एका माणसाच्या स्वभावावर टाकला की पैसा, धान्य, अंतर आणि मित्रराज्ये यांचा हिशेब विचारावा लागत नाही. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर वारले. परंतु राज्याच्या धोरणाचे उत्तरदायित्व बखरीच्या वाचकाच्या मनात भाऊंच्या एकट्याच्या माथी राहिले. नैतिक समाधान मिळाले, आणि कारणमीमांसा थांबली.

६

हा भेद मराठी रंगभूमीलाही लावून पाहता येईल. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ साली, पानिपतनंतर बरोबर शंभर वर्षांनी, प्रसिद्ध झाले. संस्कृत नाटकाच्या फलप्राप्तीच्या संकेतापासून दूर जाऊन त्याने शेवट दुःखात केला. तथापि माधवराव १७७२ साली थेऊर येथे वारले ते क्षयाने. त्यात नायकाची निवड नाही, प्रमाद नाही. ते नाटक शोकान्त आहे. वरील अर्थाने शोकात्म आहे असे म्हणता येणार नाही. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकराचा मानी स्वभाव न्यायालयात दुखावतो, त्याची वकिलीची सनद काही काळ काढून घेतली जाते, आणि त्या अपमानाच्या घटकेला तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. मद्यनिषेधाचे नाटक म्हणून ते गाजले. परंतु जो मानीपणा सुधाकराला गरिबीतून वर घेऊन आला, तोच त्याला सावरू देत नाही, हे त्याचे खरे शोकात्म सूत्र आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधील गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकतो. हा प्रमाद औदार्याचा आहे. सोफोक्लीजचे मूळ नाटक पु. ल. देशपांडे यांनी १९७९ साली ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले, तेव्हा ज्या प्रकाराची ओळख आपण टीकाग्रंथांतून करून घेत होतो, तो आपल्या भाषेतून बोलू लागला.

आपल्याकडील प्राचीन नाटकात याची चाहूलच नव्हती असेही नाही. भासाचे म्हणून मानले गेलेले ‘ऊरुभंग’ घ्यावे. अभिमानाचा मूर्तिमंत पुतळा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो दुर्योधन तेथे मांड्या मोडून पडला आहे. तो वैर सोडतो, आणि आपल्या बालपुत्राला पांडवांची सेवा करण्यास सांगतो. पडलेला मनुष्य गर्विष्ठ होता, हे कवीला ठाऊक आहे. तेवढ्यावरून त्याने त्याची करुणा नाकारलेली नाही.

यास्तव शोकात्मिकेच्या अभ्यासकाने पतनाची कथा हाती आली असता तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. नायकाने कोणाची मर्यादा मोडली, की केवळ त्याचा नेम चुकला? जे त्याच्या वाट्याला आले त्यापैकी किती त्याने स्वतः निवडले? आणि त्याला उमगले तेव्हा वेळ शिल्लक होती काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर झर्क्सिस आणि इडिपस यांना वेगळे करते. दुसऱ्याचे इडिपस आणि थोरले माधवराव यांना. तिसऱ्याचे क्रेऑन आणि चांगदेव यांना. ‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण व्यवहारात उपयोगी आहे आणि ती राहो. परंतु जो पडला तो गर्विष्ठच असला पाहिजे, असा तिचा उलटा अर्थ करण्याचा अधिकार ती आपल्याला देत नाही.